बदल मागे घेत आहोत

"किती झाले?" गिरिजाअक्कांनी दारातूनच विचारलं.

"एकतीस."

"मघाशीपण एकतीसच होते ना?"

निळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरत होते. त्यांच्याखाली लिहिलेलं होतं: अपडेट सुरू आहे, एकतीस टक्के पूर्ण, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. पडदा पलंगाला जोडलेल्या लोखंडी दांड्यावर बसवलेला होता, ह्यांच्या चेहऱ्यापासून जेमतेम दोन फुटांवर. त्याचा निळा उजेड ह्यांच्या गालांवर पडला होता. मान वळवता येत नसल्यामुळे त्यांना त्या ठिपक्यांकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बाजूला करू का?" मी विचारलं.

ह्यांनी डोळे मिटले. डोळे मिटले म्हणजे नाही, वर नेले म्हणजे हो. त्यांना ते बघायचं होतं.

"पण ते दाबलं कोणी?" अक्का आत आल्या.

"माझ्याकडून दाबलं गेलं. पडदा पुसत होते, ओलं फडकं लागलं."

"आजच पुसायचा होता?"

आठ वर्षं झाली या गोष्टीला. कराडला आम्ही राहायचो, मार्चमधला शुक्रवार होता आणि सकाळचे साडेनऊ वाजले होते. हे म्हणजे माझे यजमान, काशिनाथ हिंगमिरे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होते. सव्वीस वर्षं तालुक्यातली शेतं त्यांनी पायांनी मोजली. कुठल्या बांधावर कोणाचं कोणाशी पटत नाही हे त्यांना तोंडपाठ असायचं. मग एकदा ढेबेवाडीकडे मोजणीला गेले असताना सपाट जमिनीवर डावा पाय अडखळला. पुढच्या तीन वर्षांत आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत जातात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. बुद्धीला धक्का लागत नाही. डोळे बहुतेक शेवटपर्यंत राहतात.

त्या डोळ्यांवर हा कॉम्प्युटर चालायचा. पडद्याखाली एक पट्टीसारखा कॅमेरा होता. ह्यांनी एखाद्या अक्षराकडे क्षणभर रोखून बघितलं की ते अक्षर उमटायचं, आणि वाक्य पुरं करून 'बोल'च्या चौकटीकडे बघितलं की मशीन ते मोठ्याने बोलायचं. एका मिनिटात तीन-चार शब्द. आवाज कुणा परक्या माणसाचा होता आणि माझं नाव 'सुल-भा' असं तोडून घ्यायचा, पण दीड वर्षात मला तोच ह्यांचा आवाज वाटायला लागला होता.

आणि त्याच दिवशी पाच वाजता डॉक्टर मोहिते घरी येणार होते. छातीचे डॉक्टर. ह्यांचा श्वास महिन्याभरात फार उथळ झाला होता, झोपताना मास्क लावावा लागायचा. लवकरच मास्क पुरणार नाही, मग घशाला छिद्र पाडून नळी बसवायची आणि ती कायमची श्वासाच्या मशीनला जोडायची, असा एक मार्ग होता. त्या मार्गाने माणूस अनेक वर्षं जगू शकतो, असाच, पडून. दुसरा मार्ग म्हणजे नळी न बसवणं. "तुम्ही कोणी ठरवायचं नाही," डॉक्टर मागच्या खेपेला मला आणि अक्कांना म्हणाले होते. "काशिनाथरावांनी ठरवायचं. मला त्यांचं त्यांच्याकडून ऐकायचंय." त्यासाठीच ह्यांची थोरली बहीण, गिरिजाअक्का, आदल्या दिवशी इचलकरंजीहून आल्या होत्या. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा अक्कांनीच ह्यांना वाढवलेलं.

पावणेअकराला टक्के पुरे झाले. कॉम्प्युटर दोनदा आपोआप बंद होऊन सुरू झाला. मग पडद्यावर अक्षरं आली: नमस्कार. तुमचं सगळं जिथल्या तिथे आहे.

"झालं बघ," अक्का म्हणाल्या. "उगीच घाबरलो."

मी बोलण्याचा प्रोग्रॅम उघडला. अक्षरांच्या चौकटी दिसल्या, तशाच. ह्यांनी डोळे रोखले. काही उमटलं नाही. मी वाकून बघितलं, तर कॅमेऱ्यातले बारीक तांबडे दिवे लागलेच नव्हते. खाली एक ओळ आली, कॅमेरा सापडला नाही.

मी पुण्याला अनघा तनपुरेला फोन लावला. हे सगळं आमच्याकडे बसवून देणारी, शिकवणारी ही मुलगी, वयाने मला लेकीसारखी. सतरा-अठरा जणांच्या घरी तिने असे कॉम्प्युटर लावले होते.

"ताई, नवी सिस्टीम घेतलीत?" तिचा आवाजच उतरला. "मी सांगितलं होतं ना, कितीही वेळा विचारलं तरी 'नंतर' म्हणायचं? या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर नव्या सिस्टीमवर अजून चालत नाही. म्हणजे कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांना एकमेकांची भाषाच कळत नाही आता."

"चुकून झालं."

"असू दे. मागे जाता येतं. दहा दिवसांच्या आत जुनी सिस्टीम परत आणता येते. मी सांगते तसं करा."

तिने सांगितलं तसं मी करत गेले. सेटिंग उघडा, खाली या, रिकव्हरी शोधा. सगळी चित्रं बदललेली, सगळ्यांच्या जागा बदललेल्या. सवयीने हात जिथे जायचा तिथे भलतंच काही उघडायचं. एकदा त्याने माझा पासवर्ड मागितला, जो मी कधी ठेवलाच नव्हता. एकदा इंग्रजीत विचारलं की तुम्हाला मागे का जायचंय, आणि खाली पाच कारणं दिली. त्यातलं एकही आमचं नव्हतं. मी पहिल्यावर टिचकी मारली.

पडदा पुन्हा निळा झाला आणि अक्षरं आली: बदल मागे घेत आहोत. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.

"तासाभरात होईल," अनघा म्हणाली. "मी सोलापुरात आहे, एका पेशंटकडे. अडलं तर फोन करा."

बारा वाजले. एक वाजला. ठिपके फिरत होते. दीड वाजता कॉम्प्युटर बंद होऊन सुरू झाला, आणि पुन्हा तेच, बदल मागे घेत आहोत. सव्वादोनला पुन्हा बंद, पुन्हा सुरू, पुन्हा तीच ओळ. ना पुढे जात होता, ना मागे येत होता. आणि बंद करू नका म्हणून बजावत होता.

मी ह्यांना पोटातल्या नळीतून पेज दिली, कूस बदलली, पाठीला तेल लावलं. अक्का उशाशी बसून बोलत होत्या. "काशी, सगळं ठीक होईल बरं का. नळी लावली की श्वासाची चिंता मिटली. माझा नातू मे महिन्यात यायचाय तुला भेटायला." हे छताकडे बघत होते.

अडीचच्या सुमाराला त्यांचे डोळे एकदम वेगाने हलायला लागले. उजवीकडे, वर, उजवीकडे.

"काय होतंय? पाय?" मिटले. "पाठ दुखते? मान? कफ आलाय? लघवी?" नाही, नाही, नाही. श्वास वाढला. मी मास्क हातात घेतला, तर डोळे गच्च मिटून घेतले. अक्का रडवेल्या झाल्या. "अगं, काहीतरी कर की."

मी कपाटावरचा पुठ्ठा काढला. कॉम्प्युटर यायच्या आधी आमचं बोलणं त्या पुठ्ठ्यावर चालायचं. मी नगरपालिकेच्या बालवाडीत शिक्षिका, तेव्हा अक्षरांचा तक्ता मीच स्केचपेनने केलेला. एकेक ओळ मी मोठ्याने म्हणायची, हव्या त्या ओळीला हे डोळे वर न्यायचे, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. ते मला एकटीला जमायचं. अक्कांनी एकदा प्रयत्न करून सोडून दिला होता.

"स्वर? क? च? ट? त? प?" डोळे वर. "प, फ, ब, भ, म?" डोळे वर.

"म. मान?" नाही. "मास्क?" नाही. "मुं?"

डोळे वर, आणि तिथेच.

मुंगी. तांबडी. उजव्या कानाच्या आतून बाहेर येऊन भुवईकडे निघाली होती. मी बाजूलाच उभी होते आणि मला ती दिसली नव्हती. पंधरा मिनिटं ती त्यांच्या चेहऱ्यावर फिरत होती. तिने कानाच्या पाळीला दोन ठिकाणी चावलं होतं, लाल ठिपके आले होते. कॉम्प्युटरवर त्यांनी तो शब्द वीस सेकंदात लिहिला असता.

मी ती चिमटीत धरून चिरडली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. परत आले तर अक्का पदराने त्यांचा कान पुसत होत्या.

चार वाजता अनघाचाच फोन आला. मी तिला सगळं सांगितलं.

"अडकलंय ते," ती म्हणाली. "आता फोनवरून नाही व्हायचं, ताई. मला यावं लागेल. सगळं काढून जुनी सिस्टीम पहिल्यापासून घालायला लागेल. सोमवारी सकाळी येते."

"त्यातलं लिहिलेलं? ह्यांनी लिहिलेलं राहील का?"

"बहुतेक राहील. का, काही महत्त्वाचं होतं?"

"नाही, सहज विचारलं," मी म्हणाले.

डॉक्टर मोहिते बरोबर पाचला आले. बूट बाहेर काढले, हात धुतले, ह्यांची छाती तपासली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघितला. मी त्यांना मशीनचं सांगितलं. ते पडद्याकडे बघून म्हणाले, "काशिनाथराव, मशीन नाही तर नाही. हो-नाही तर करू शकाल. मी थेट विचारतो. नळी बसवायची का?"

ह्यांनी डोळे मिटले.

"थकलाय हो तो," अक्का लगेच म्हणाल्या. "सकाळपासून ते भगभगीत डोळ्यांसमोर आहे. डोळे आपोआप मिटतायत त्याचे."

ते खोटंही नव्हतं. ह्यांचे डोळे लाल झाले होते, पाणी गळत होतं. डॉक्टरांनी उलटं विचारून पाहिलं. "नळी नको, असं म्हणायचंय का?" ह्यांनी बुबुळं वर न्यायचा प्रयत्न केला. अर्ध्यात पापण्या पडल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच झालं.

"एवढ्यावर मी फाइलमध्ये लिहू शकत नाही," डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे तो तक्ता आहे ना? त्यावर सांगू देत."

मी पुठ्ठा घेतला. "स्वर? क? च? ट?" सगळ्या ओळी संपल्या. ह्यांनी डोळे वर नेले नाहीत. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मी पुठ्ठा समोर धरला की ते नजर खिडकीकडे न्यायचे. दुपारी मुंगीसाठी ज्या तक्त्यावर ते धावून आले, त्याच्याकडे आता बघायलाही तयार नव्हते. मला वाटलं, रागावलेत. मी काय केलं ते त्यांना कळलंय.

डॉक्टर उठले. "हरकत नाही. मशीन सुरू झालं की मला बोलवा. पण एक सांगून ठेवतो. मधे श्वास अडकला आणि हॉस्पिटलला न्यावं लागलं, तर तिथे नळी घालणारच. लेखी काही नसताना कुणी थांबत नाही. आणि एकदा घातली की काढणं फार अवघड होऊन बसतं, सगळ्यांनाच."

"घालू देत की," अक्का म्हणाल्या. "जीव तर वाचेल."

डॉक्टर बॅग आवरत होते. मला काही करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. सोमवारपर्यंत, आणि त्याआधीच कदाचित ह्यांचा श्वास अडकला असता आणि सगळं आपोआप झालं असतं. ह्यांनी खिडकीवरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. दुपारी मुंगी चालत असताना होती, तशी नजर होती ती.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणाले. "त्यांना नळी नकोय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्यांनी तुमच्यासाठी लिहून ठेवलंय. काल दुपारी डोळा लागला होता त्यांचा, तेव्हा पडद्यावर मी वाचलं. पहिलंच वाक्य. डॉक्टर, नळी नको."

पुढचं वाचायचा धीर मला झाला नव्हता. रात्रभर तेवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात घणासारखं पडत राहिलं. सकाळी अक्का अंघोळीला गेल्या होत्या, हे डोळे मिटून पडले होते, झोपलेत असं मला वाटलं. मी पडदा पुसत होते तेव्हा अपडेटची ती चौकट पुन्हा वर आली, तीन आठवडे रोज येत होती तशी. आत्ता की नंतर? अनघाने काय बजावलंय ते मला चांगलं आठवत होतं. फडकं माझ्या डाव्या हातात होतं. 'आत्ता' मी उजव्या हाताच्या बोटाने दाबलं.

डॉक्टर पलंगाजवळ परत आले. त्यांनी खाली वाकून ह्यांचे डोळे स्वच्छ कापसाने टिपले, मिनिटभर मिटून ठेवायला सांगितले आणि मग विचारलं, "तुमच्या पत्नी सांगतायत ते बरोबर आहे का?"

ह्यांनी डोळे वर नेले. पापण्या थरथरल्या, पण पडल्या नाहीत. डॉक्टर मनगटावरच्या घड्याळात बघत होते. दहा सेकंद झाले तरी डोळे वरच होते.

"समजलं," ते म्हणाले. त्यांनी फाइलमध्ये लिहिलं, ह्यांच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. खाली साक्षीदाराची जागा होती. त्यांनी पेन अक्कांपुढे केलं. अक्कांनी ते घेतलं नाही.

"तुझ्या तोंडून आलं हे, सुलभा," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन आपली पिशवी भरायला लागल्या. शेजारच्या काकांना बोलावून मी सही घेतली. संध्याकाळच्या गाडीने अक्का गेल्या. त्यानंतर त्या एकदाच आल्या, श्रावणात, हे गेल्यावर. हे घरीच गेले, पहाटे, माझा हात त्यांच्या छातीवर होता. अक्का सगळ्या विधींना बसल्या, पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. आजही बोलत नाहीत. मी दोनदा पत्र पाठवलं.

अनघा कबूल केल्याप्रमाणे सोमवारी आली. चार तास खपली. दुपारी कॅमेऱ्याचे तांबडे दिवे लागले. ह्यांनी डोळे रोखले, आणि तो परका आवाज खोलीत आला, "अनघा, जेवून जा." ती हसली आणि हात धुवायला गेली.

"त्यांची एक फाइल होती," मी तिच्या मागे जाऊन हळूच म्हणाले. "शुक्रवारच्या आधीची."

"सगळ्या आहेत, ताई. मी आधी बाजूला काढून ठेवल्या होत्या."

मी परत येऊन ह्यांना विचारलं, "वाचू?" डोळे वर गेले. मी फाइल उघडली. मी जवळ नसताना थोडं थोडं करत, दोन दिवस लागले असणार त्यांना एवढं लिहायला.

'डॉक्टर, नळी नको. पूर्ण विचार करून सांगतो आहे. सव्वीस वर्षं मी लोकांच्या हद्दी ठरवल्या, माझी मला ठरवू द्या. हे सुलभाला विचारू नका. अक्कासमोर तिच्या तोंडून हे वदवू नका. ती एकदा बोलली की अक्का तिला कधी माफ करणार नाही, आणि ती स्वतःलाही करणार नाही. पुठ्ठ्यावर मी हे सांगणार नाही, कारण पुठ्ठा तिलाच वाचावा लागतो. म्हणून मशीनवर लिहून ठेवतो आहे. मशीनलाच बोलू द्या.'

मी पलंगाच्या कडेला बसले. पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं.

"पूर्ण वाचलंस?" मशीन बोललं.

"हो."

पुन्हा अक्षरं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले, पडद्याकडे नाही.

"शुक्रवारी सकाळी मी जागा होतो. तू दाबताना किलकिल्या डोळ्यांनी बघत होतो."

स्वयंपाकघरात अनघाने नळ बंद केल्याचा आवाज आला.

"मग डोळे का नाही उघडलेत?" मी विचारलं. "तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलं असतंत, तरी माझा हात थांबला असता."

या वेळी त्यांना फार वेळ लागला. दोनदा लिहिलेलं पुसलं. मग तो आवाज आला, नेहमीसारखाच सपाट.

"सुल-भा. मलाही एक दिवस हवा होता."